मुक्यांची ओपीडी : पैलवानी मालिश कुत्र्याला नको

गेल्या महिन्यात म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: रोज पाच-दहा मिनिटं हलक्या हातानं अंग चोळून दिलं तर त्यांना बरं वाटतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी दुसरा विषय घेऊच दिला नाही. खासबागेच्या कुस्ती-मैदानाच्या गावात, आपल्या कोल्हापुरात, ‘मालिश’ हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं बाह्या सरसावतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बहुतेकांनी दोनच गोष्टी विचारल्यात, तेल कुठलं आणि जोर किती. मी स्वतः शिवाजी पेठेत तालमीला लागून असलेल्या घरात वाढले, वडील लंगोट लावणारे, त्यामुळं कुणाला नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच की तालमीतलं सगळं ज्ञान कुत्र्याच्या बाबतीत उंबऱ्याबाहेर ठेवून या.

डॉक्टरीणबाई, आमचा ब्रूनो लॅब्रॅडोर आहे. वय ११, वजन ४२ किलो. सकाळी उठताना मागचे पाय धरतात, पावसाळ्यात जास्तच. दहा-बारा पावलं टाकली की मोकळा होतो. मी तरुणपणी तालमीत जात होतो, मालिश करायला येते. तिळाचं तेल कोमट करून त्याच्या मांड्या आणि पेकाट चांगलं रगडून दिलं. पहिल्या दिवशी कळवळला. आता तेलाची वाटी दिसली की दिवाणाखाली जाऊन बसतो. पद्धत कुठं चुकतेय?
— एसटीतून निवृत्त, राजारामपुरी

काका, पद्धत पैलवानाला बरोबर आहे. जोर-बैठका मारून, लढत करून पैलवानाचे स्नायू आंबलेले असतात, आणि कुठं दुखतंय, कुठं बास, हे तो तोंडानं सांगतो. ब्रूनोचं दुखणं बहुधा सांध्यात आहे. या वयाच्या आणि या वजनाच्या लॅब्रॅडोरचा खुबा झिजलेला असणं फार नेहमीचं. कित्येकांचा तो पिल्लू असल्यापासूनच खोबणीत सैल बसलेला असतो. झिजलेल्या सांध्यावरची मांडी रगडली की सगळा जोर जातो सांध्यावर. तो दिवाणाखाली जातो, ते शहाणपणाचं करतो.

तेव्हा आधी एक एक्स-रे. मसाज त्यानंतर. खुबा आहे, गुडघा आहे की मणक्यातली नस दाबली गेलीय, हे बाहेरून हात लावून मलाही दर वेळी खात्रीनं सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही घरी आजच बघू शकता. त्याच्या मागच्या पंज्यांची नखं वरच्या बाजूनं घासली गेलीत का? तशी असतील तर तो पाय पुरता उचलत नाही, ओढतो, आणि मग प्रश्न नसांचा असू शकतो. अशा कुत्र्याच्या पाठीला मसाजसाठी हात लावायचा नाही, सरळ दवाखान्यात आणायचं.

सांधाच निघाला असं धरून पुढचं सांगते, कारण बहुतेक पत्रं याच दुखण्याची आहेत.

मागचे पाय दुखत असले तरी सुरुवात मागून करू नका. निरोगी कुत्रासुद्धा उभा असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर घेतो. मागं दुखायला लागलं की तो आणखी पुढं झुकतो. त्यात कुत्र्याच्या शरीराची एक गंमत अशी की, आपल्या गळ्याखाली खांद्याला धडाशी जोडणारी जी दोन आडवी हाडं असतात, ती त्याला नसल्यातच जमा आहेत. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, नुसत्या स्नायूंनी धरलेत. म्हणजे ब्रूनोचं झुकलेलं सगळं ओझं खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंवर पडतंय, रात्रंदिवस. खरा ताठपणा तुमच्या हाताला तिथं लागेल. आणि तिथं हात लावलेला त्याला सहसा दुखत नाही, म्हणून ओळख तिथूनच करायची.

जागा त्याची नेहमीची घ्या, खाली जाड सतरंजी. जेवून तास-दीड तास झालेला असावा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. तेल नको. त्याच्या अंगावर केस आहेत, तेल कातडीपर्यंत पोचतच नाही. केसांना चिकटतं, त्यावर धूळ बसते, मग तो चाटत बसतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जुलाबाची तक्रार घेऊन येता.

पहिली दोन मिनिटं तळहात सपाट ठेवून मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केसांच्या दिशेनं सावकाश फिरवा. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावर नाही. मधली जी हाडांची रांग हाताला लागते ती दाबायची नसते, कधीच. हा हात फिरवताना काही करायचं नाही, फक्त बघायचं: कुठं ऊन लागतंय, कुठं गार, कुठं कातडी थरथरली, कुठं स्नायू लाकडासारखा आहे. मग खांद्याच्या फऱ्यावर बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल. दाब किती? स्वतःची पापणी मिटून त्यावर बोट ठेवा. डोळ्याला त्रास न होता जेवढं दाबवेल तेवढाच. तुमच्यासारख्या माणसाला हा दाब म्हणजे काहीच न केल्यासारखं वाटेल. वाटू दे.

मांडीकडं शेवटी या. मांडीचा मागचा जाड स्नायू तळहात आणि बोटांच्या मध्ये हलकेच उचलायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. चिमटा नाही, पिळा नाही. सुरू करण्यापूर्वी दोन्ही मांड्यांना दोन्ही हातांनी एकदम वेढा घालून बघा. दवाखान्यात मी तपासणीच्या टेबलावर हेच पहिलं करते. कुत्रा ज्या पायावर वजन टाकत नाही त्याची मांडी बारीक झालेली असते. डोळ्याला केसांमुळं कळत नाही, हाताला लगेच कळतं. महिन्यातून एकदा असं बघून कॅलेंडरवर दोन शब्द लिहून ठेवलेत तर मला तुमच्या पुढच्या भेटीत फार उपयोग होईल.

मसाजच्या आधी शेक दिला तर आणखी बरं. टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसला तर खुब्यावर दहा मिनिटं. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये, भिंतींनाही ओल येते तेव्हा, म्हाताऱ्या कुत्र्यांना याचा आराम पडतो. पाय नुकताच मुरगळला असेल तर मात्र शेक नाही, तिथं गार.

आता त्यानं काय सांगितलं तर थांबायचं ते. सुस्कारा टाकला, डोळे जड झाले, अंग तुमच्या हातावर टेकवलं, तर चालू ठेवा. ओठ चाटायला लागला, झोप नसताना जांभया देतोय, मान वळवून तुमच्या हाताकडं बघतोय, अंग घट्ट झालं, तर हात उचला. उठून गेला तर जाऊ द्या, धरून बसवू नका. मध्येच हात काढून घ्या आणि बघा: त्याला हवं असेल तर तो नाकानं तुमचा हात पुन्हा ओढतो. ब्रूनोची भीती मोडायला आठवडाभर तरी नुसता मानेवर हात ठेवून बसा आणि ती वाटी कपाटात टाका.

आणि काका, मसाजपेक्षा मोठं औषध सांगते, रागावू नका. प्रौढ लॅब्रॅडोर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. ब्रूनो अंगावर पाच-सहा किलो तरी फुकटचे वागवतोय, तेही दुखऱ्या खुब्यावर. रविवारचा मटणाचा रस्सा भातावर घालणं बंद. चरबी हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा गोणपाट अंथरा, पंज्याच्या गादीमधले वाढलेले केस कापा. घसरू नये म्हणून तो दिवसभर अंग आखडून चालत असतो. ते आखडणं थांबलं तर रात्री चोळायला फारसं उरणारही नाही. दुखण्याची गोळी लागलीच तर कुत्र्यांसाठीची वेगळी येते, रक्त तपासून, लिव्हर-किडनी बघून देतो. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अर्धीसुद्धा नको.

गुडघेदुखीवरचा बाम किंवा निलगिरीचं तेल कुत्र्याला लावलं तर चालेल का?
— महाद्वार रोड

नाही. बामात कापूर आणि विंटरग्रीन तेलातला सॅलिसिलेट असतो. कुत्रा ते चाटणार म्हणजे चाटणारच, आणि ते त्याला विषारी आहे. निलगिरी आणि टी ट्री तेलाचंही तेच. माझ्याकडं असा चाटलेला कुत्रा आला की मालक म्हणतात, ‘मॅडम, आयुर्वेदिक होतं.’

मॅडम, माझ्याकडं कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, नर, तीन वर्षांचा. रोज पहाटे माळावर पळवतो, मी मोटरसायकलवर आणि तो मागं. पळायच्या आधी मालिश केली तर वेग वाढेल का? दुसरं म्हणजे गेल्या आठवड्यापासून पुढचा उजवा पाय जरा धरतोय. तिथं जास्त चोळू का?
— शिरोळ तालुका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. चोळू नका. कारण माहीत नसलेल्या लंगडण्यावर हात चालवणं म्हणजे पैज लावणं. माळावर पळणाऱ्या कुत्र्याचा पाय मी हातात घेतला की सगळ्यात आधी बोटांच्या बेचकी फाकवून बघते. कुसळ घुसलेलं असतं. बाहेर एवढंसं भोक, आत गळू. खांदा चोळून काय होणार? बोटं नीट असतील तर मग नख तुटलंय का, गादीला चीर आहे का, मनगट सुजलंय का. काहीच सापडलं नाही आणि आठवडा झालाय, म्हणजे आता दाखवायलाच हवं. तोपर्यंत पळणं बंद, पट्ट्यावर चालणं फक्त. पुढं कधी पाय ताजा मुरगळलाच तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं, मसाज अजिबात नाही. आत रक्त साकळत असताना दाबलं तर सूज वाढते.

आता वेगाचं. मालिशनं वेग वाढत नाही. वाढत असता तर आपल्या गावातून सगळे पैलवान ऑलिंपिकला पळायलाच गेले असते. पळण्याआधी अंग ऊबदार करायला उपयोग होतो, तेही चालण्याच्या जोडीनं: दहा मिनिटं पट्ट्यावर चालवायचं, मग सपाट हातानं मांड्या आणि खांदे जरा भरभर चोळायचे, दोन-तीन मिनिटं, बास. खोल दाब पळण्याआधी नको, स्नायू सैल पडतो.

कारवानीला हात लावताना एक लक्षात ठेवा. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्या जातीला नावारूपाला आणलं आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं जिच्यावर तिकीट काढलं, ती हीच जात. तिचं सगळं शरीर पळण्यासाठी आहे. कातडी पातळ, कातडीखाली चरबी जवळजवळ नाही, हाडं वर. लॅब्रॅडोरच्या बरगडीवर बोटं फिरवली तर मध्ये गादी लागते. कारवानीच्या बरगड्या पेटीच्या पट्ट्यांसारख्या एकेक मोजता येतात, मांडीवरच्या शिरा दिसतात. तिथं बोटांनी खोलात दाबलं तर थेट हाडावर दाब बसतो. पूर्ण तळहात, आणि नखं कापलेली. आपली, त्याची नव्हे.

पळून आल्यावर लगेच मसाज नको. धाप पूर्ण बसेपर्यंत चालवत राहा, थोडं थोडं पाणी. अंग गार झालं, श्वास शांत झाला की मग पाच-दहा मिनिटं मांड्यांपासून वरच्या दिशेनं सावकाश. मार्चनंतर पहाटेचं पळणंसुद्धा जपून. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेनंच गार होतो. शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर गेलं की उष्माघात. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, पाय लटपटतात. तेव्हा मालिश-बिलिश नाही, अंगावर साधं गार पाणी ओतत, पंखा किंवा वारा लावत दवाखाना गाठायचा.

मोटरसायकलचं काय बोलू? तुम्ही वेग ठरवता आणि तो तुमच्यासाठी पळतो, पाय दुखत असला तरी. माळावर मोकळा सोडला तर तो दमल्यावर स्वतः थांबेल.

डॉक्टर ताई, आमची गावठी कुत्री ‘चिंगी’, चार वर्षांची. आठ दिवस झाले मरगळलीय. एक दिवस पुढचा पाय लंगडते, दुसऱ्या दिवशी मागचा. खाणं कमी. सासूबाई म्हणतात थंडीनं अंग आखडलंय, खोबरेल कोमट करून चोळ, बाळंतिणीला चोळतात तसं. करू का?
— इचलकरंजी

ताई, चोळू नका, आणि हे वाचताच तिला दवाखान्यात न्या. आज एका पायानं, उद्या दुसऱ्या पायानं लंगडणारी मरगळलेली कुत्री आपल्या भागात आली की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं गोचीडतापाचं. गोचिडीतून रक्तात जंतू जातात, सांधे दुखतात, ताप येतो-जातो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला हात लावून ते नेहमीच गरम वाटतं. हातावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर लावा. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालंय.

मसाज का नको, हे मुद्दाम सांगते, कारण ‘चोळल्यानं काय बिघडतंय’ असं सगळ्यांनाच वाटतं. या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. चिंगीला उताणी करून पोटाची, मांडीच्या आतली बिनकेसाची कातडी उजेडात बघा. टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके किंवा जांभळे डाग दिसतात का? अशा अंगाला जोरानं चोळलं तर कातडीखाली रक्त उतरतं. दुसऱ्या दिवशी जिथं जिथं बोटं दाबली तिथं तिथं निळं. साधा नियम धरा: ताप असेल, खाणं सुटलं असेल, अंगावर डाग असतील, उघडी जखम किंवा खरूज असेल, तर मसाज नाही.

रक्ताची तपासणी होईल, गोळ्या सुरू होतील. त्या सहसा चार आठवडे घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ती चपाती मागायला लागेल आणि तुम्हाला वाटेल बरी झाली. गोळ्या बंद करायच्या नाहीत. बरी झाल्यावर चोळा ना, सासूबाईंनाच सांगा. त्यांच्या हाताला सवय आहे, फक्त तेल आणि बाळंतिणीचा जोर वजा करून. त्या हातांचा एक फार मोठा उपयोग आहे. रोज मसाजच्या निमित्तानं कानाच्या पाळीच्या घडीत, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मध्ये चाचपायचं. गोचीड लागली की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची. नखानं चिरडायची नाही. अंगाला रॉकेल चोळायचं नाही. हे अजून लिहावं लागतं.

आमच्या पामेरियन मादीच्या पोटाला, शेवटच्या सडाजवळ सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही. रोज मसाज केला तर विरघळेल का?
— ताराबाई पार्क

विरघळणार नाही. दाबूही नका. नसबंदी न झालेल्या मादीच्या सडातल्या गाठी फार आढळतात आणि त्यातल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. सुपारीएवढी आहे तोवर काढणं सोपं असतं, लिंबाएवढी झाली की अवघड. न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, असा हिशेब नसतो. या आठवड्यात दाखवा.

मॅडम, मी दहावीत आहे. मला कुत्रे खूप आवडतात. मोबाइलवर डॉग मसाज थेरपिस्टचे व्हिडिओ बघते. एक बाई कुत्र्याच्या कानावर बोटांनी गोल काढतात आणि तो झोपून जातो. मला तेच काम करायचं आहे. कोर्स कुठं असतो?
— गडहिंग्लज

तुझं पत्र सगळ्यात सुवाच्य होतं, आधी ते सांगते.

तू बघितलंस ती बहुधा टी-टच नावाची पद्धत असावी. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंनी ती आधी घोड्यांसाठी बसवली, मग कुत्र्यांकडं आणली. बोटांच्या पेरांनी कातडी एक पूर्ण गोल आणि वर पाव गोल अशी हलवायची, कातडीवरून घसरायचं नाही. स्नायू चोळण्यापेक्षा घाबरलेल्या जनावराला शांत करण्यावर तिचा भर आहे. कानाचं म्हणशील तर घरी करून बघ: कानाच्या मुळाशी अंगठा आणि बोट ठेवून टोकापर्यंत हलकेच सरकवत न्यायचं. दिवाळीतल्या फटाक्यांना थोडा तरी उपयोग होतो. तुझा कुत्रा झोपलाच नाही तर नाराज होऊ नकोस, व्हिडिओत झोपलेलेच दाखवतात.

कामाविषयी मात्र स्पष्ट सांगते. आपल्याकडं जनावराचा आजार ओळखणं आणि उपचार करणं हे नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचं काम आहे, १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे त्यासाठी. ब्रिटनमध्येसुद्धा आजारी किंवा दुखऱ्या कुत्र्याला मसाज करणाऱ्या व्यक्तीनं आधी त्याच्या पशुवैद्यकाची संमती घ्यायची असते. हे कागदी घोडे नव्हेत. वरची पत्रं वाच. काकांचा ब्रूनो, शिरोळचा कारवानी, इचलकरंजीची चिंगी, तिघंही लंगडतात. एकाला मसाज चालेल, एकाला बहुधा पायातलं काहीतरी काढावं लागेल, आणि एकीला मसाजनं इजा होईल. नुसता हात चांगला असून हे कळत नाही.

म्हणून माझं ऐकशील तर आधी पशुवैद्यक हो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घे, ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा दे, मग बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मुंबईचं कॉलेज १८८६ पासूनचं आहे, पण तुला जवळ पडेल साताऱ्याचं शिरवळ, पुण्याला जाताना हायवेवरच लागतं. शिकताना निम्मा वेळ गाई-म्हशींच्या गोठ्यात जाईल, शेणात हात घालावा लागेल. कुत्र्यांच्या व्हिडिओत ते दिसत नाही. त्यानंतर फिजिओथेरपीत पुढं जायचं असेल तर दारं उघडी आहेत, आणि या भागात त्याची गरज मोठी आहे: गुडघ्याचं लिगामेंट शिवलेला कुत्रा घरी गेल्यावर त्याचा पाय पुन्हा चालता कसा करायचा, हे मालकाला शेजारी बसून शिकवणारं माणूस सापडत नाही.

तोपर्यंत घरच्या कुत्र्याच्या पंज्यांना, कानांना, तोंडाला रोज हात लावायची सवय लाव. नवीन पिल्लू आणलंत तर तीन-चार महिन्यांचं व्हायच्या आतच ही सवय लागलेली बरी. असा कुत्रा दवाखान्यात आला की मी मनातल्या मनात त्या घराला हार घालते.

डिस्टेंपरमधून आमचा शेरू वाचला, पण मागचा एक पाय सारखा झटके देतो, झोपेतसुद्धा. कुणी म्हणालं रोज मालिश केली तर नस मोकळी होते.
— कागल

झटके नसेतल्या गाठीमुळं नाहीत. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, त्या विषाणूनं मेंदू आणि मज्जारज्जूला केलेली ती इजा आहे, तिथून पायाला चुकीचे निरोप जातात. मालिशनं ते थांबणार नाहीत, आणि ‘गॅरंटी’ देऊन पैसे घेणारा कुणी भेटला तर पाकीट खिशातच ठेवा. सतत उडणारा तो पाय दमतो मात्र, त्याला हलकं चोळून बरं वाटू शकतं. झोपलेला असताना घोटा, गुडघा, खुबा एकेक करून सोसेल तेवढाच वाकवा आणि सरळ करा, म्हणजे सांधे आखडणार नाहीत. काही कुत्र्यांचे झटके काळानुसार कमी होतात, काहींचे राहतात. खातोय, फिरतोय, शेपटी हलवतोय, तर झटक्यांसकट तो मजेत जगेल. औषधानं थोडा फरक पडतो का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. तिथल्या एका म्हाताऱ्या भटक्या कुत्र्याला बिस्किटं घालतो. तोही लंगडतो. त्याला मसाज करावा असं फार मनात येतं.
— साने गुरुजी वसाहत

मनात येतंय ते चांगलंच आहे, पण करू नका. तुमची ओळख बिस्किटांपुरती. त्याला कुठं दुखतंय हे तुम्हाला माहीत नाही, आणि दुखऱ्या जागी हात पडला तर सगळ्यात गरीब कुत्रासुद्धा दात लावतो. त्यात त्याचा दोष नाही. तो स्वतःहून जवळ आला तर छातीवर किंवा गळ्याच्या बाजूला खाजवा, डोक्यावरून हात नेऊ नका, वाकून अंगावर झुकू नका. तीन-चार सेकंदांनी हात मागं घ्या. त्याला हवं असेल तर तो पुढं येईल. लंगडण्यासाठी प्राणिमित्र संस्थेला किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पकडायचं कसं हे त्यांना माहीत असतं.

चुकून दात लागला, नुसता ओरखडा उठला तरी, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लसीसाठी जा. हळद-चुना भरू नका, पट्टी बांधू नका. कुत्रा ओळखीचा आहे म्हणून थांबू नका. रेबीज एकदा उठला की त्यावर औषध नाही.

आणि ती बिस्किटं बंद करा. मैदा, साखर, पामतेल. एक उकडलेलं अंडं न्या, सोलून.